पाठमोरी होडी

वाळूवरून

"लोटा," बाबा म्हणाले.

हा शब्द मी आधी लिहून ठेवते. त्यानंतर वाळूवर इतके शब्द झाले की हा पहिला कुणाच्याच लक्षात राहिला नाही. माझ्या बापानं, काटळीच्या वरल्या आळीच्या हाशा नाखवानं, समुद्रात पडलेली माणसं बघितली आणि तोंडातून काढलं ते "लोटा" एवढंच. त्या घटकेला तो चांगला माणूस होता. आम्ही सगळेच होतो.

विमान उत्तरेकडून आलं. इतकं खालून, की माडांच्या झावळ्या उलट्या झाल्या. चार पंख्यांचं, पोटाला जाड, बॉम्ब वाहणारं अवजड विमान. युद्ध पेटल्यापासून असली विमानं आमच्या डोक्यावरून समुद्रावर जायची. पाणबुड्या हुडकायला जातात, असं मी मुंबईला कुलाब्याच्या साहेबाच्या घरी ऐकलं होतं. नवरा गेल्यापासून मी तिथं आया होते, साहेबाची दोन मुलं सांभाळायचे आणि नारळी पौर्णिमा आली की सुट्टी मागून माहेरी यायचे. त्या दुपारी मी माझ्या भावाजवळ, जोमाजवळ बसले होते. तो होडीला मुशीच्या तेलाचा शेवटचा हात देत होता. कोपरापर्यंत तेल, आणि तोंडानं माझ्या चपलांची थट्टा. चपला घालून वाळूवर येणारी कोळीण त्यानं जन्मात बघितली नव्हती म्हणे.

विमानाचे दोन पंखे थांबलेले होते. तिसऱ्यातून धूर येत होता. ते किनाऱ्याकडं वळायला गेलं आणि खडपाच्या पलीकडं त्याचं पोट पाण्याला टेकलं. टेकून उडालं. पुन्हा टेकलं तेव्हा शेपटीकडचा भाग मोडून निराळा झाला. आवाज त्यानंतर आला.

थोड्या वेळानं पाण्यावर एक पिवळा ठिपका दिसायला लागला. जोमा होडीवर चढला, डोळ्यांवर हात धरला.

"रबराची होडी हाय," तो म्हणाला. "माणसं हायेत तिच्यात, बाय. एक हात हलवतोय."

तोवर गाव गोळा झालं होतं.

आमच्या खाडीच्या तोंडाशी काळ्या दगडांची रांग आहे, तिला आम्ही खडप म्हणतो. ओहोटीला त्यावर कालवं फोडायला जातात. भरतीला, वारा असला तर, त्यावर लाट अशी फुटते की पलीकडचं काही दिसत नाही. त्या दुपारी भरती नुकतीच लागली होती आणि वारा समुद्राकडून होता. ती पिवळी होडी हळूहळू खडपावर येणार होती. खडपाला लागायच्या आधी तिला गाठलं तर माणसं हाती लागणार, नाहीतर नाही. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आणि बाबा म्हणाले, "लोटा."


अजून वाळूवरूनच

आमच्या आळीतले पुरुष होडीला भिडले. होडी हलली नाही.

हलणारच नव्हती. मचव्याएवढी ती होडी, आगोटीपासून, पावसाच्या सुरुवातीपासून वाळूत बसलेली. ती लोटायला दोन्ही आळ्यांची माणसं लागतात. वरल्या आळीची होडी असो की खालच्या, खांदा दोघांचा. खाली तेल चोपडलेले ओंडके टाकायचे, एकानं ताल धरायचा, बाकीच्यांनी जोर करायचा. असंच चालत आलेलं.

खालच्या आळीची माणसं आली. म्होरक्या लडकू तांडेल पुढं होता. तो माझ्या आईचा चुलत भाऊ, म्हणजे आमचा मामा. बाबांना तो दाजी म्हणायचा. दोन वर्षं मात्र त्यानं त्यांना कशानंच हाक मारली नव्हती.

लडकूमामानं समुद्राकडं बघितलं, मग आमच्या होडीकडं, मग आपल्या होडीकडं. दोन्ही होड्या सारख्याच तयार होत्या, नाळ समुद्राकडं करून उभ्या. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, ज्याला पौर्णिमेला हळदकुंकू लावतात.

तो शांतपणे म्हणाला, "दाजी, माझी लोटू. ती पाण्याच्या जवळ हाय."

यात वावगं काय होतं? खरोखरच जवळ होती, थोडीशी.

बाबाही शांतपणेच म्हणाले की खांदे इकडं लागलेत, ओंडके इकडं टाकलेत, आता हीच लोटू.

आणि खालच्या आळीचे चारसहा जण पुढं झाले आणि आमच्या ओंडक्यांवर बसले.


मान

थोडक्यात सांगते.

पावसाळ्यात समुद्र बंद असतो. नारळी पौर्णिमेला पाटील समुद्राला नारळ देतो आणि समुद्र उघडतो. पण काटळीत पाटलाच्या हातचा नारळ कुठल्या होडीतून पडायचा, याचा नियम आहे. पावसाळ्यानंतर ज्या होडीची नाळ पहिल्यांदा पाण्याला लागेल, तिच्यातून. त्या आळीचा मान, वर्षभर. आणि नुसता मान नाही. खाडीच्या तोंडाशी डोलजाळी रोवायला पहिली जागा निवडायची तीही त्याच आळीनं. चांगली जागा मिळाली तर घरात वर्षभर मासळी, नाही मिळाली तर दुसऱ्याच्या जाळ्यातून सुटेल ते.

पूर्वी आळ्या पाळीपाळीनं मान घ्यायच्या. एका वर्षी पाळी कुणाची यावर वाद झाला. मी पुष्कळांना विचारलं, तो नेमका कशावरून झाला हे आता कुणालाच आठवत नाही. मागच्या वर्षी दोन्ही आळ्यांनी शेजारच्या गावांतून खांदे आणून एकाच वेळी होड्या घातल्या, दोन नारळ पडले, आणि लाटेनं दोन्ही नारळ परत वाळूवर आणून टाकले. कुणाचा आधी परत आला यावरून डोकी फुटली. मग मामलेदारानं हुकूम काढला. पौर्णिमेला सरकारी माणूस येऊन उभा राहील, तो निकाल देईल, तोवर कुणीही होडी पाण्यात घालायची नाही.

पौर्णिमा अगदी तोंडावर होती.


दोन्ही आळ्या

वरली आळी: माणसं मरतायत आणि तुम्ही ओंडक्यांवर बसता?

खालची आळी: मरतायत म्हणूनच म्हणतोय, आमची लोटा. ती जवळ हाय.

वरली आळी: जवळ कशी आयली? सरकवलीत.

खालची आळी: भरतीनं वाळू खाल्ली. समुद्राला जाऊन इचारा.

वरली आळी: मामलेदाराचा हुकूम ठाऊक हाय ना? पौर्णिमेपर्यंत कुणी घालायची नाय.

खालची आळी: मग तुम्ही का घालता?

वरली आळी: माणसं मरतायत.

खालची आळी: मग आमची लोटा.

वरली आळी: दोन्ही लोटा. एकदम.

खालची आळी: एकदम लोटायला खांदे कुठं हायेत?

हे शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून त्यावर कुणी बोललं नाही, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.


परत वाळूवरून

मी लडकूमामाकडं गेले. विनवणी केली असं म्हणता येईल. तो माझ्यावर चिडला नाही. त्यानं लहानपणी मला खांद्यावर बसवून खडपावर नेलं होतं. तो म्हणाला, "चांगू, तू मुंबईत ऱ्हातस. तुझा आजचा दिवस. आमचे बारा महिने."

मी बाबांकडं गेले. म्हटलं, या वर्षी त्यांना घेऊ द्या, होडी त्यांची जाऊ द्या, जाणारी माणसं कुणाचीही असोत. बाबा माझ्याकडं न बघता पाण्याकडं बघत होते. पिवळा ठिपका मोठा झाला होता. आता त्यात डोकी दिसत होती.

"मला मान नको," ते म्हणाले. "आन घेऊन सांगतो, नको. पण त्याला तरी कशाला?"

पाण्यावरच्या एकानं पांढरं काहीतरी उंच धरून हलवलं. सदरा असावा. आमच्यातल्या कुणीतरी हात वर करून त्याला उत्तर दिलं. वर गेलेला तो हात खाली आला तो दुसऱ्याच्या थोबाडावर.

मग ढकलाढकली.

हे कसं सांगावं ते मला कळत नाही, म्हणून सरळ सांगते. आमची माणसं होडीला खांदा लावत होती, त्यांची माणसं पुढून होडी मागं रेटत होती. काही जण त्यांच्या होडीकडं धावले, तिला हात घातला, तर आमचे तिकडं धावून त्यांना ओढायला लागले. बुधा म्हणून माझा चुलतभाऊ, अंगानं आडदांड, त्याला लडकूमामाच्या पुतण्यानं पायात पाय घालून पाडलं. तो उठला आणि परत घुसला. बायका बाजूला उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. त्यात मी नव्हते असं मला लिहायला आवडलं असतं. पण आमच्या आईचं नाव निघालं तेव्हा मीही दोन शब्द टाकले. मुंबईहून आणलेले.

एवढ्या गोंधळात, दर थोड्या वेळानं, कुणीतरी समुद्राकडं बघत होतं. मी बघितलंय. भांडताना माणूस मधेच डोकं वळवायचा, पिवळी होडी कुठंवर आली ते बघायचा, आणि मग जास्तच जोरानं भांडायचा.

जोमा एवढा वेळ होडीतच उभा होता. तो खाली उतरला, बाबांसमोर गेला आणि म्हणाला, "पाठमोरी लोटू."

बाबांना कळलं नाही.

"होडी वळवू," जोमा म्हणाला. "नाळ गावाकडं, पिछाडी समुद्राकडं. पिछाडी पाण्याला लागंल. नाळ लागणारच नाय. मान कुणाचाच नाय."

ते ऐकून भांडण थांबलं, नळाचं पाणी थांबावं तसं. लडकूमामानं विचार केला. बाबांनी विचार केला. दोघांनी मनातल्या मनात नियम उलटसुलट करून बघितला. मला ते दोन चेहरे अजून दिसतात. दोघं समुद्राकडं बघत नव्हते. नियमात कुठं भोक राहिलंय का, ते बघत होते.

"खोल पाण्यात होडी फिरली की नाळ लागंल," लडकूमामा म्हणाला.

"लागंल. पण त्याआधी पिछाडी लागलेली असंल. पहिल्यांदा नाय," जोमा म्हणाला.

"बरं," लडकूमामा म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले.

आणि मग सगळ्या गावानं मिळून होडी वळवली. सगळ्या, म्हणजे बायकांनीसुद्धा. तेवढी जड होडी कोरड्या वाळूत जागच्या जागी फिरवायची म्हणजे काय, ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. ओंडके काढले, आडवे घातले, वाळू उकरली, परत घातले. सरळ लोटली असती तर एव्हाना ती खडपाशी पोचली असती. हे सगळ्यांना कळत होतं, आणि तरी सगळे जीव तोडून ती वळवत होते, खरंच जीव तोडून. दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आळ्यांचा खांदा एका लाकडाला लागला होता. मीही लावला. कुणीतरी ताल धरला होता. तो लडकूमामा होता.

होडी पाण्यात गेली तेव्हा मी वर बघितलं. खडपावर लाट फुटत होती. पिवळं काही दिसत नव्हतं.


जे आलं ते

जोमा सुकाणूवर होता. बरोबर दोन्ही आळ्यांची माणसं, मिसळून बसलेली. ऊन उतरायच्या आत ते परत आले. एक जिवंत माणूस आणि शिडाखाली झाकलेले दोन. बाकीचे मिळाले नाहीत. पुढं कित्येक दिवस भरतीच्या रेषेवर काही ना काही लागत राहिलं. एक बूट. रबराची चिंधी. विमानाचा पत्र्याचा तुकडा, त्यावर एक आकडा, तो पोरं उचलून नेत आणि त्यांच्या आया परत ठेवायला लावत.

जिवंत माणसाला कुठं ठेवायचं यावर मात्र कुणी भांडलं नाही. तो आमच्या पडवीत आला.

त्याच्या हाताचं कातडं खडपानं सोललं होतं. मी ते धुतलं, हळद भरली. तो मुकाट बसला. पेज दिली ती प्याला. नाव विचारलं, लेस्ली म्हणाला. साहेबाच्या धाकट्या मुलाएवढाच वाटत होता, खरं तर पुरुषमाणूस होता, दाढीचे खुंट आलेला. गहू पिकतो त्या मुलखातला, समुद्रापासून खूप लांबचा. समुद्र त्यानं लढाईत आल्यावर पहिल्यांदा बघितला, आणि तोही वरून.

माझं इंग्रजी आयाचं. दूध पी, नीज, रडू नको, पडशील. तेवढंच मी त्याच्याशी बोलले.


पाण्यावरून

सकाळी फौजदाराचा शिपाई सांगत आला की मुंबईहून आरमाराची लाँच निघाली आहे, विमानातल्या साहेबाला घेऊन जाईल. लेस्लीला कळलं तेव्हा तो उठून भिंतीला टेकून बसला आणि मला म्हणाला की ज्या माणसांनी होडी ढकलली त्यांना भेटायचंय. म्होरक्यांना तरी.

बाबा घरातच होते. लडकूमामाला जोमा बोलवायला गेला. मला वाटलं येणार नाही. आला. दोन वर्षांनी आमच्या पडवीत पाय ठेवला, आणि बाबांपासून हातभर सोडून खाली बसला. बाकीचे दाराबाहेर उभे राहिले, दोन्ही आळ्यांचे.

लेस्ली सावकाश, सोप्या शब्दांत बोलत होता, मी मुलांशी बोलते तसं. एक वाक्य बोलायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी ते मराठीत सांगायचे.

तो म्हणाला, विमानात आम्ही आठ होतो. तिघं शेपटीत होते, ते शेपटीबरोबर गेले. पाच जण रबराच्या होडीत आलो.

मी सांगितलं.

तो म्हणाला, त्यात स्टॅन होता. माझा दोस्त. त्याचे दोन्ही पाय मोडले होते. आम्ही त्याला आलटूनपालटून वर धरत होतो, म्हणजे त्याला किनारा दिसेल. लाटेच्या माथ्यावर गेलो की दिसायचा, खाली आलो की नाही.

मी सांगितलं.

तो म्हणाला, पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाळूवर खूप माणसं होती. आम्हाला वाटलं सगळं गाव आलं. सगळं गाव आलं होतं ना?

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "हो, सगळं."

तो म्हणाला, मग तुम्ही होडी ढकलायला लागलात. आम्ही बघत होतो. ती केवढी जड असेल. लाट तिला मागं लोटत असेल. ढकलताय, ढकलताय आणि होडी हलत नाही. तरी कुणी सोडून जात नव्हतं. मग काही जण दुसऱ्या होडीकडं पळाले, ही नाही तर ती. तीही हलली नाही. मग परत हिच्याकडं.

हे सांगताना मी मधे थांबले. लडकूमामा खाली बघत म्हणाला, "सांग. पुरतं सांग." मी पुरतं सांगितलं.

तो म्हणाला, एक माणूस पडला. मोठा, धिप्पाड. आम्हाला वाटलं त्याला लागलं. पण तो उठला आणि परत ढकलायला गेला. तेव्हा स्टॅन हसला. म्हणाला, बघा, हा सोडणार नाही. आम्ही तिकडून ओरडत होतो, लावा जोर, लावा जोर. तुम्हाला ऐकू येत नसणार.

दाराबाहेर बुधा उभा होता. तो तिथून निघून गेला.

मी सांगितलं.

तो म्हणाला, बायकापण ढकलत होत्या. माझी आई शेतात गाडी फसली की ढकलते, पण परक्यांसाठी नाही. मग तुम्ही होडी वळवलीत. ते काय चाललंय आम्हाला कळेना. एक जण म्हणाला, त्यांनी नाद सोडला, ते होडी परत नेतायत. तेव्हा पहिल्यांदा आम्ही घाबरलो. पण स्टॅन म्हणाला, गप्प बसा. ती समुद्रावरची माणसं आहेत. आपल्यापेक्षा त्यांना कळतं. इथं असंच करत असतील.

मी सांगितलं. माझा आवाज मला बाहेरून येतोय असं वाटत होतं.

तो म्हणाला, मग लाट आडवी आली. त्यानंतर किनारा दिसला नाही. दगड आले. स्टॅन शेवटपर्यंत म्हणत होता, येतायत, निघालेत.

मी सांगितलं.

बाहेर एक पोर रडायला लागलं, त्याला कुणीतरी लांब नेलं. लेस्लीनं आपला हळद लावलेला हात पुढं केला. आधी बाबांनी धरला, मग लडकूमामानं. दोघांना तो कसा धरावा ते कळत नव्हतं. लेस्लीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता.

"त्यांना एक गोष्ट विचार," तो मला म्हणाला. "होडी का वळवली? मला स्टॅनच्या आईला पत्र लिहायचंय. तो म्हणाला होता की याला काहीतरी कारण असणार. मला तिला ते कारण लिहायचंय."

मी बाबांकडं बघितलं. हे मराठीत सांगायला मला वेळ लागला. शब्द सोपे होते.

जोमा खांबाला टेकून उभा होता. तो तोंड उघडणार असं मला वाटलं. होडी वळवायची युक्ती त्याची, कारणही त्यालाच सांगता आलं असतं. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

माझा बाप वयाच्या सातव्या वर्षी समुद्रावर गेला होता. वादळात मुंबईपर्यंत गलबत एकट्यानं नेल्याची गोष्ट तो दर पौर्णिमेला सांगायचा आणि दर वर्षी वादळ थोडं मोठं व्हायचं. लडकूमामा त्याच्यापेक्षा चांगला तांडेल होता, हे बाबा दारू पोटात गेल्यावर कबूल करायचे. पंचक्रोशीत होडी लोटायला या दोघांना बोलावत.

"सांग त्याला," बाबा म्हणाले. मग थांबले. "सांग, आमाला होडी लोटता येत नाय."

मी त्यांच्याकडं वळले.

"बाबा."

"सांग."

मी लडकूमामाकडं बघितलं. तो काहीतरी म्हणेल, एवढ्यावर तरी भांडेल. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, तळवे वर करून. त्या तळव्यांना वल्ह्यांचे घट्टे होते, एकावर एक.

"दाजी म्हणतात तसंच सांग, पोरी," तो म्हणाला. "येत नाय आमाला."

मी लेस्लीला माझ्या आयाच्या इंग्रजीत सांगितलं. ही माणसं म्हणतात, होडी ढकलायची कशी, त्यांना माहीत नाही.

मला वाटलं तो हसेल. वाटलं, हे खोटं आहे हे त्याला कळेल, तो विचारेल, आणि मग काय ते होऊन जाईल. त्यानं दोघांकडं नीट बघितलं. उघडे खांदे, ते हात, बाहेर वाळत घातलेली जाळी, त्यापलीकडं उभ्या असलेल्या होड्या. पण तो गव्हाच्या मुलखातला होता. त्यानं ते खरं मानलं.

त्याचा चेहरा मऊ झाला. तो पुढं वाकला आणि बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "सांग, सगळ्यांना सगळं येत नाही. त्यांनी खूप जोर लावला. आम्ही बघितलं. मी स्टॅनच्या आईला तसंच लिहीन."

मी तेही सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले.

लडकूमामाही म्हणाला, "बरं."